भुंगेऱ्यांची ग्रीक नावे : प्रकल्प नोंदी

२६ मे

प्राचीन ग्रीकमध्ये भुंगेऱ्यांना जी नावे होती ती आली कुठून, एवढाच प्रश्न. प्रत्येक नावाला एक पान द्यायचे ठरले: ते लेखनात कुठे भेटते, किडा कोणता असावा, शब्दाचे मूळ काय. किड्यांची बाजू मैत्रीण पाहणार. ती शेतकी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवते. शब्दांची बाजू माझ्याकडे.

पहिला वाद मराठीवरूनच. मला सगळीकडे 'भुंगा' हवा होता. ती म्हणाली, "अगं, वासे पोखरणारी ती काळी माशीसुद्धा भुंगाच की. तिला कुठे बसवशील?" भृंगापासून आलेला भुंगा कवितेत कमळावर बसतो आणि बहुतेक वेळा तो मधमाशीच्या गोतातला निघतो, हे खरेच. तेव्हा पाठीवर टणक कवच असलेल्या किड्याला शेतकी पुस्तकांतला 'भुंगेरा'. शेणातला तो शेणकिडा, धान्यातले ते टोके.

लिप्यंतराबद्दल: थीटा, फाय आणि खाय ही अक्षरे अभिजात काळातल्या अथेन्समध्ये महाप्राण होती, म्हणजे सरळ आपले थ, फ, ख. रोमन लिपीला इथे दोन-दोन अक्षरे जुळवावी लागतात, आपल्याला नाही. उप्सिलॉनचा उच्चार ओठ गोल करून काढलेल्या 'ई'सारखा होता; त्याला देवनागरीत अक्षर नाही, म्हणून तिथे 'उ'.

३० मे

सोपे आधी घेतले. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात उडणाऱ्या किड्यांचे गट पाडले, तेव्हा कवचवाल्यांना 'कोलेओप्तेरा' म्हटले आणि कारणही लगेच सांगितले: यांचे पंख 'एलुत्रोन'मध्ये, म्हणजे आवरणात, असतात, जसे मेलोलोन्थे आणि कान्थारोस. कोलेओस म्हणजे तलवारीचे म्यान, प्तेरोन म्हणजे पंख. म्यानपंखी. जिवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकात हेच नाव संपूर्ण गणाला दिले आणि ते आजही चालू आहे.

प्तेरोनचे मूळ आपल्या ओळखीचे. उडणे, पडणे या अर्थाचा 'पेत्' हा इंडो-युरोपीय धातू. संस्कृतात पतति, पतंग, पत्र. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचे पान, मग लिहायचे पान, मग टपालातले. ग्रीक पंख आणि मराठी पत्र सख्खे नसले तरी भावकीतले आहेत.

एलुत्रोनची गोष्ट जास्त मजेची. गुंडाळणे, झाकणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला आणि त्याच्या तोंडाशी एके काळी 'व' होता. ग्रीकच्या बहुतेक बोलींतून हा 'व' गळून गेला. हेसुखिओस या उत्तरकालीन कोशकाराने मात्र 'गेलूत्रोन' असा एक विचित्र शब्द नोंदवून ठेवला आहे, अर्थ 'एलुत्रोन'. हा 'ग' खरा 'ग' नव्हेच. 'व'साठी जे जुने अक्षर होते, दिगम्मा, ते दिसायला गामासारखे. ते वापरातून गेल्यावर नकलकारांनी गामाच लिहिला. संस्कृतातला झाकण्याचा 'वृ' धातू आणि कोशांत भेटणारा 'वरुत्र', म्हणजे वरून पांघरायचे वस्त्र, हे याच घरातले. भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या ढाली म्हणजे त्याचे उपरणे, असा अर्थ शब्दातूनच निघतो.

राहिला कोलेओस. होमरच्या काव्यात तो आहे, 'कोलेओन' आणि 'कूलेओन' अशा दोन रूपांत. लॅटिनमध्ये कातडी पिशवीला 'कुल्लेउस' म्हणत, तो शब्द याच्याशी जुळता आहे. कोण कुणाकडून घेऊन गेले, की दोघांनी तिसऱ्याकडून उचलले, यावर एकमत नाही. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या या स्वच्छ, घडवलेल्या शब्दाचा एक पाय पक्क्या जमिनीवर आणि दुसरा अधांतरी. पान तसेच लिहिले.

३ जून

काजव्याचे पान झटपट झाले. 'पुगोलाम्पिस': पुगे म्हणजे ढुंगण, लाम्पो म्हणजे चमकणे. व्युत्पत्ती सांगायलाच नको. ॲरिस्टॉटल याला पंख असलेले आणि नसलेले अशा दोन्ही तऱ्हांत मोजतो. निरीक्षण बरोबर आहे. काजव्यांच्या अनेक जातींत मादीला पंख नसतात.

५ जून

'बूप्रेस्तिस'. बूस म्हणजे गाय किंवा बैल, आपल्या 'गो'चाच भाऊबंद. दुसरा भाग प्रेथो, फुंकून फुगवणे. गवतातून हा किडा गुराच्या पोटात गेला की गुराला पोटफुगी होऊन ते मरते, अशी समजूत होती. रोमन लेखक प्लिनीने ती लिहून ठेवली आहे. कोलोफोनचा निकान्द्रोस (इ.स.पू. दुसरे शतक) विषांच्या उताऱ्यांवरच्या आपल्या काव्यात याच्यावर एक प्रकरणच खर्च करतो. वर्णनांवरून हा फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी कुणीतरी असावा.

पुढचा भाग मैत्रिणीने सांगितला आणि आम्ही दोघी हसलो. लिनियसने 'बुप्रेस्टिस' हे नाव उचलले आणि भलत्याच किड्यांना दिले: रत्नासारख्या झळकणाऱ्या, फोड न आणणाऱ्या भुंगेऱ्यांना. त्या कुळाचे नाव आज बुप्रेस्टिडी. आणि आपले सोनपाखरू याच कुळातले! बाभळीच्या पाल्यासकट काडेपेटीत सोनपाखरू जपणाऱ्या मराठी पोरांच्या हातात शास्त्राच्या हिशेबाने 'गाय फुगवणारा' असतो. मी हे पानात घातले आहे. तिला ते विषयांतर वाटते. राहू दे.

११ जून

कान्थारोस. सगळ्या कामाचा कणा हाच शब्द.

शेणकिडा. इसापाच्या गोष्टीत ससा गरुडापासून वाचायला याच्या पाया पडतो, गरुड ससा मारतोच, आणि मग हा किडा गरुडाचे प्रत्येक घरटे गाठून अंडी ढकलत सुटतो. गरुड शेवटी अंडी झ्यूसच्या मांडीवर ठेवतो. किडा उडत जाऊन झ्यूसच्या अंगावर शेणाची गोळी टाकतो, देव ती झटकायला उठतो आणि अंडी फुटतात. विनोदी नाटककार ॲरिस्टोफानेसने 'शांती' या नाटकात (इ.स.पू. ४२१) ही गोष्ट नाव घेऊन वापरली. त्रुगाइओस नावाचा द्राक्षमळेवाला युद्धाला कंटाळून एक अगडबंब शेणकिडा पाळतो आणि त्याच्यावर स्वार होऊन देवांना जाब विचारायला आकाशात जातो. किडा सिसिलीतल्या एटना पर्वताकडचा. नाटक उघडते तेच दोन नोकर नाक मुरडत त्याच्यासाठी शेणाचे गोळे मळत आहेत, अशा प्रवेशाने. एउरिपिदेसच्या एका शोकांतिकेत बेल्लेरोफोन पंखांच्या घोड्यावरून उडतो, त्याची ही टवाळी.

या नाटकात शब्दाचे बरेच अर्थ हजर आहेत. उड्डाण करताना त्रुगाइओस किड्याला चुचकारतो: हळू, हळू, सावकाश, 'कान्थोन'! कान्थोन म्हणजे गाढव. मुलगी विचारते, समुद्रात पडलास तर? तो म्हणतो, मग हाच नाक्सोसच्या घडणीची नाव होईल. कारण 'कान्थारोस' नावाची एक होडीही होती. आणि बंदर? पिरेयसला कान्थारोस बंदर आहेच की!

आता कान्थोन आणि कान्थारोस खरोखर एका मुळाचे, की हा फक्त विनोद? विनोदकार आवाज जुळवतो, मूळ शोधत बसत नाही. त्यामुळे हा पुरावा धरता येत नाही, पण नाकारताही येत नाही. गाढवाच्या पाठीवरच्या ओझ्याच्या टोपल्यांना 'कान्थेलिया' म्हणत, तोही शब्द याच रांगेत उभा आहे. तिघांच्या मुळाशी काय, हे ग्रीकच्या आतून उलगडत नाही.

मोह मात्र एक मोठा झाला. ग्रीकमध्ये एका शब्दात दोन महाप्राण लागोपाठच्या अक्षरांत आले की पहिला अल्पप्राण होतो, हा ग्रासमानचा नियम. संस्कृतातही तेच होते. म्हणजे ग्रीक 'कान्थ्'च्या मागे 'घन्ध्' असू शकतो आणि त्या 'घन्ध्'चा संस्कृत अवतार होईल 'गन्ध्'. गंध! शेणकिड्याला याहून शोभणारे नाव कोणते? कागदावर ध्वनींचा हिशेब चोख जमतो. पण दोन सुटे शब्द, एक किडा आणि एक वास, आणि मध्ये दुवा कसलाच नाही. व्युत्पत्तीच्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान अशा देखण्या जुळण्यांनीच केले आहे. पानावर घेणार नाही. इथे लिहून मन मोकळे केले.

१४ जून

कान्थारोसचेच उरलेले. दोन मोठ्या उंच कानांचा मद्याचा पेला, जो चित्रांमधून मद्याचा देव दिओनुसोसच्या हातात हमखास दिसतो, तोही कान्थारोस. किड्यावरून पेल्याला नाव मिळाले की पेल्यावरून किड्याला? अथेनाइओसने जेवणाच्या गप्पांच्या आपल्या अजस्र ग्रंथात एका विनोदी नाटककाराचा हवाला देऊन म्हटले आहे की कान्थारोस नावाच्या कुंभारावरून पेल्याचे नाव पडले. कारागिराचे नाव पुढे करून शब्दाची उत्पत्ती सांगणे ही जुनीच पळवाट. मला उलट वाटते: वर वळलेले दोन कान आणि फुगीर पोट पाहून कुणालाही किडा आठवावा.

हेरोडोटसकडचा उल्लेख वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. इजिप्तच्या पवित्र आपिस बैलाच्या खुणा देताना तो सांगतो की त्याच्या जिभेखाली कान्थारोस असतो. इजिप्ती लोकांचा पवित्र शेणकिडा ग्रीकांनी पाहिला, त्याच्याबद्दल भरभरून लिहिले, प्लुटार्कने तर त्यात मादी नसतेच असेही नोंदवले. पण 'खेपरेर' हा इजिप्ती शब्द मात्र उचलला नाही. घरात जुने नाव होते, तेच वापरले.

१९ जून

घरातले हे जुने नाव कुणाचे, हाच खरा मुद्दा.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ पाउल क्रेचमरने १८९६ साली दाखवून दिले की ग्रीसमधल्या '-न्थोस' आणि '-स्सोस' अशा शेवटांच्या नावांची फोड ग्रीकमधून होत नाही. कोरिन्थोस, झाकुन्थोस ही गावे-बेटे. त्यांच्यासोबत सामान्य शब्दही येतात: हुआकिन्थोस हे फूल, लाबुरिन्थोस म्हणजे भुलभुलैया, असामिन्थोस म्हणजे न्हाणीची टाकी, तेरेबिन्थोस हे झाड, एरेबिन्थोस म्हणजे हरभरा. यादी वाचताना लक्षात येते की हा सगळा माल जागेचा, मातीचा आणि घरबांधणीचा आहे. ग्रीक बोलणारे लोक या भूमीत आले तेव्हा इथे आधीपासून माणसे होती, आणि डोंगर, झाडे, किडे यांची नावे त्या माणसांकडून घेतली गेली. १९२८ मध्ये ब्लेगेन आणि हेली यांनी अशी गावे नकाशावर मांडून ती कांस्ययुगातल्या वसाहतींशी ताडून पाहिली. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये लिनिअर बी ही कांस्ययुगातली ग्रीक लिपी उलगडल्यावर क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या मातीच्या लेखांत 'आ-सा-मि-तो' निघाले. न्हाणीची टाकी, होमरच्या कितीतरी शतके आधी.

सावधगिरी: कान्थारोसमधला 'न्थ' शब्दाच्या पोटात आहे, शेपटीला नाही. म्हणून त्याला या यादीत थेट ढकलता येत नाही. मेलोलोन्थे मात्र शेपटीसकट बसतो. त्याचे पान वेगळे.

२४ जून

आज कोश समोरासमोर ठेवून बसले. फ्रिस्कचा जर्मन कोश (१९५४ पासून), शांत्रेनचा फ्रेंच (१९६८ पासून) आणि बेकेसचा इंग्रजी (२०१०). किड्यांच्या नावांवर तिघांचे स्वभाव उघडे पडतात. फ्रिस्क इतरांचे तर्क मांडतो आणि नापसंती सभ्य शब्दांत नोंदवतो. शांत्रेन खांदे उडवतो. बेकेस ठामपणे लिहितो: ग्रीकपूर्व. त्याच्या हाती फुर्ने या डच अभ्यासकाने १९७२ मध्ये जमवलेला साठा होता. एकाच शब्दाची ब/म्ब/फ, त/स, अ/ए अशी अदलाबदल करणारी रूपे. ग्रीकच्या स्वतःच्या नियमांनी हे बदल समजत नाहीत. परक्या ध्वनींना ग्रीक कानांनी कधी असे, कधी तसे पकडले, असे मानले तर समजतात.

मराठी माणसाला हे नवे नाही. तत्सम, तद्भव आणि देशी ही आपली शाळेतली विभागणी. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाला' रचली ती संस्कृतातून साधता न येणारे प्राकृत शब्द गोळा करण्यासाठी. ग्रीकपूर्व म्हणजे ग्रीकचे देशी शब्द. आणि देशी या शिक्क्याचा जो धोका आपल्याकडे, तोच तिकडे. जे जमत नाही ते देशीत टाका! हेमचंद्राच्या देशीतले कितीतरी शब्द पुढे संस्कृतातून सुटले. बेकेसवरही हाच आक्षेप आहे. मला तो बराचसा पटतो, पण किड्यांच्या बाबतीत बेकेसची बाजू मजबूत आहे असे माझे मत बनत चालले आहे. रूपांची अदलाबदल इथे खरोखर दिसते.

ठरवले ते असे: नुसते 'ग्रीकपूर्व' कुठेही लिहायचे नाही. कशावरून, ते त्याच ओळीत यायला हवे. अदलाबदलीवरून, शेपटीवरून, की केवळ दुसरे काही सुचत नाही म्हणून. तिसऱ्या कारणाला 'मूळ अनिश्चित' म्हणायचे.

२ जुलै

पाऊस लागला तशी मैत्रीण कामात बुडाली. पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच ते गोळा करून मारले तर पुढे ऊस वाचतो. फोनवर म्हणाली, "तुझा मेलोलोन्थे इथे झाडावर बसलाय, ये बघायला." अतिशयोक्ती नाही. हुमणी ज्या मोठ्या गटात मोडते त्याचे नाव मेलोलोन्थिनी, ग्रीक शब्दावरूनच ठेवलेले.

ग्रीक मुलांचा हा खेळगडी. ॲरिस्टोफानेसच्या 'मेघ' नाटकात सॉक्रेटिस शिष्याला सांगतो: विचार स्वतःभोवती गुंडाळत बसू नकोस, पायाला दोरा बांधलेल्या मेलोलोन्थेसारखा त्याला हवेत सोड. आपल्याकडे पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात, तोच उद्योग. पोलुदेउकेस या दुसऱ्या शतकातल्या कोशकाराने खेळाचे वर्णन केले आहे आणि म्हटले आहे की हा किडा सफरचंदाला बहर येतो तेव्हा निघतो. मेलोन म्हणजे सफरचंद, आन्थोस म्हणजे फूल. हेरोदास या कवीच्या एका तुकड्यात शब्द चक्क 'मेलान्थे' असा येतो. तिथे एक पोरगा चातीवरचा पेळू ओढून त्याचा दोरा किड्यांना बांधतो आहे.

ही लोकव्युत्पत्ती आहे. मधल्या 'लो'चे काय करायचे, याला तिच्याकडे उत्तर नाही. बोलणाऱ्यांना शब्द कळेना, म्हणून त्यांनी त्यात ओळखीचे फूल बसवले, आणि रूपही त्याप्रमाणे वाकले. दुसरे दोन दरवाजेही किलकिले दिसतात. 'ओन्थोस' म्हणजे शेण; इलियडमधल्या धावण्याच्या शर्यतीत धाकटा आयास बैलांच्या ओन्थोसवर घसरून तोंडघशी पडतो. मेलोनचा आणखी एक अर्थ मेंढी, म्हणजे मेंढीची लेंडी? आणि 'ओलुन्थोस' म्हणजे न पिकणारे रानअंजीर. इथे 'लो'ची सोय होते. पण रानअंजीर स्वतःच '-न्थोस' शेपटीचे, म्हणजे मूळ पुन्हा त्याच अनोळखी माणसांच्या दारात.

मेलोलोन्थे, मेलोलान्थे, मेलान्थे: अदलाबदल आहे, शेपटी आहे. 'ग्रीकपूर्व' लिहिले, दोन्ही कारणांसह.

९ जुलै

कान्थारिस. कान्थारोसला '-इस' जोडून केलेले नाव, म्हणून त्याचे मूळ वेगळे शोधायला नको. किडा मात्र वेगळा. अंगाला लागला तर फोड आणणारा. हिप्पोक्रातेसच्या नावावर चालणाऱ्या वैद्यक ग्रंथांत स्त्रियांच्या औषधांमध्ये तो येतो: डोके, पाय, पंख काढून टाका, उरलेला कुटा. फोड आणणारे द्रव्य रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने १८१० मध्ये वेगळे काढले, त्याचे नाव किड्यावरूनच कॅन्थारिडिन.

मैत्रिणीने आठवण दिली की आपल्याकडचे हिंगे म्हणजे हेच गोत. बाजरीच्या कणसावर, तुरीच्या आणि भेंडीच्या फुलांवर पावसाळ्यात बसणारे, लाल-काळ्या पट्ट्यांचे. पुस्तकांत त्यांचे नाव बरीच वर्षे 'मायलाब्रिस' होते. ग्रीक 'मुलाब्रिस' किंवा 'मुलाक्रिस' मुळात पिठाच्या गिरणीतला, झुरळासारखा किडा; मुले म्हणजे जाते. १७७५ मध्ये लिनियसचा शिष्य फाब्रिसियसने हे नाव फोडकऱ्या भुंगेऱ्यांना दिले. जुनी नावे नव्या किड्यांवर वाटताना या मंडळींनी अर्थाची फारशी पत्रास ठेवलेली दिसत नाही.

१८ जुलै

काराबोस आणि केराम्बुक्स एकत्रच घ्यावे लागतात.

काराबोस म्हणजे शेवंडासारखा समुद्री प्राणी, आणि शिंगे असलेला भुंगेराही. ॲरिस्टॉटल म्हणतो की काराबोस वाळल्या लाकडातल्या अळ्यांपासून होतात; म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर लाकूड पोखरणारा लांब मिशांचा भुंगेरा आहे. केराम्बुक्स हाही तसाच. बाजूची रूपे मांडली: काराबोस, काराम्बिओस, केराम्बुक्स, आणि निकान्द्रोसकडचा जलचर 'केराफिस'. ब, म्ब, फ. अ आणि ए. फुर्नेच्या तक्त्यातले सगळे नमुने एका कुटुंबात! '-अम्ब-' हा तुकडाही ओळखीचा: इआम्बोस, दिथुराम्बोस, थ्रिआम्बोस ही काव्याची आणि उत्सवाची नावे अशीच, अनाकलनीय.

केरास म्हणजे शिंग. आपले शृंग, शिंग त्याच मुळाचे. लांब मिशा पाहून ग्रीकांना केराम्बुक्समध्ये केरास ऐकू आले असणार, आणि 'का'चा 'के' त्यामुळेच झाला असेल. पण केरासवरून केराम्बुक्स तयार करायला '-अम्बुक्स' नावाचा प्रत्यय ग्रीकमध्ये नाही.

या किड्याला एक कथाही मिळाली आहे, निकान्द्रोसची. आन्तोनिनुस लिबेरालिसने केलेल्या सारांशातून ती टिकली. ओथ्रुस डोंगराच्या पायथ्याशी केराम्बोस नावाचा मेंढपाळ होता, गाण्यात आणि वाद्यात अजोड. यंदा हिवाळा कडक आहे, मेंढरे खाली उतरव, असे मेंढपाळांचा देव 'पान' याने त्याला बजावले. गर्वाने त्याने ऐकले नाहीच, वर वनदेवींच्या जन्माबद्दल वेडेवाकडे बोलला. मेंढरे थंडीत मेली आणि त्याचा झाला लाकूड खाणारा किडा. कथेच्या शेवटी माहितीचा खजिना आहे: याचे दात वाकडे, जबडा सतत हलत असतो, लोक याला 'लाकूडखाऊ बैल' म्हणतात आणि थेस्सालीचे लोक 'केराम्बुक्स'. पोरे याचे डोके तोडून अंगावर मिरवतात, कारण शिंगांसकट ते कासवाच्या पाठीच्या वीणेसारखे दिसते. वीणावादकाचा किडा का झाला, ते इथे कळते.

माझ्यासाठी यातले सोने म्हणजे 'थेस्सालीचे लोक'. इतरांना समजेल असे घडीव ग्रीक नाव एकीकडे, आणि डोंगराळ भागातला न उलगडणारा स्थानिक शब्द दुसरीकडे. जुने शब्द असेच टिकतात, गुराख्यांच्या आणि पोरांच्या तोंडी.

रोमन 'स्काराबेउस' याच घरातला असावा असे बहुतेक मानतात, पण सुरुवातीचा 'स' आणि शेवटचा '-एउस' दाखवणारे रूप ग्रीकमध्ये सापडलेले नाही.

२१ जुलै

काराबोसचा एक फाटा समुद्रात गेला. उत्तरकालीन ग्रीकमध्ये तो हलक्या नावेचे नाव झाला; आजही ग्रीसमध्ये जहाजाला 'कारावी' म्हणतात. लॅटिन 'काराबुस' म्हणजे वेताची, कातडे ताणलेली होडी. त्यावरूनच पोर्तुगीज 'काराव्हेला' आल्याचे सामान्यतः मानतात. वास्को द गामाच्या १४९७ च्या ताफ्यात एक होते. गोव्याच्या किनाऱ्याला पोर्तुगीजांची जी गलबते लागली त्यांच्या नावात हा लाकूड पोखरणारा भुंगेरा बसलेला आहे.

इथे मराठी आरमारातली 'गुराब' ही नौका डोळ्यांसमोर नाचू लागली. काराबोस, काराब, गुराब! पण गुराब अरबी 'घुराब'वरून आली आणि त्याचा अर्थ कावळा. गंधासारखेच हेही वहीत ठेवले, पानावर नाही.

२७ जुलै

किरकोळ नावे उरकली.

'इप्स': ओडिसीत ओदिस्सेउस वीस वर्षांनी घरी येऊन आपले धनुष्य उलटसुलट करून पाहतो, मालक नसताना त्याची शिंगे 'इपेस'नी तर खाल्ली नाहीत ना म्हणून. पुढे हे द्राक्षवेलीच्या किडीचे नाव झाले. भूगोलकार स्त्राबोन सांगतो की एरुथ्राइ गावच्या लोकांकडे हेराक्लेसला 'इपोक्तोनोस', इप्स मारणारा, म्हणून पुजत. वेलीवरच्या किडीसाठी हेराक्लेसला बोलवावे लागत होते, यावरून नुकसानीची कल्पना यावी. शब्द 'इजा करणे' अर्थाच्या 'इप्तोमाइ' क्रियापदाशी जोडतात, शक्य आहे.

'किस': धान्यातले टोके. कवी पिंडार म्हणतो, सोने झ्यूसचे लेकरू, त्याला ना कसर खाते ना किस. इतका तोकडा शब्द कशाशीही जुळतो, म्हणून कशाशीच जुळवू नये. मूळ अनिश्चित.

'सिल्फे', दुसरे रूप 'तिल्फे'. झुरळ किंवा तत्सम. स आणि त यांची अदलाबदल, ग्रीकपूर्व.

४ ऑगस्ट

कान्थारोसच्या पानाला एक जोड. ओलुन्थोस शहराजवळ 'कान्थारोलेथ्रोस' नावाची छोटी जागा होती, अर्थ 'कान्थारोसचा नाश'. इतर प्राणी तिथे खुशाल वावरत, हा किडा मात्र मरे, असे प्लिनी आणि स्त्राबोन दोघेही लिहितात. रानअंजिराच्या नावाचे गाव आणि शेणकिड्याच्या मरणाच्या नावाची जागा शेजारी शेजारी. यातला 'ओलेथ्रोस', म्हणजे नाश, तेवढा ग्रीकांच्या घरचा.

कान्थारोसच्या मुळापुढे शेवटी काय लिहायचे यावर बराच वेळ गेला. बेकेसप्रमाणे 'ग्रीकपूर्व' लिहिण्याचा मोह होता. पण अदलाबदलीची रूपे याला नाहीत आणि 'न्थ' पोटात आहे. आमच्याच नियमाप्रमाणे 'मूळ अनिश्चित, ग्रीकपूर्व असण्याचा संभव जास्त' असे लिहिले. मैत्रीण म्हणाली, एवढे लांबण कशाला? पण हे लांबण म्हणजेच त्या पानाचा मजकूर आहे.

शिल्लक फक्त 'स्फोन्दुले'. 'स्पोन्दुले' असेही लिहितात, त्यामुळे शब्दाचे पान तयार आहे. ॲरिस्टोफानेस म्हणतो की ती पळताना अतिशय घाण वास सोडते. तेवढ्यावरून किडा कोणता ते मैत्रिणीला ठरवता येईना. ती म्हणते, असे करणारे भुंगेरे निम्मे महाराष्ट्रभर आहेत, ढेकूण वेगळेच. तिच्या बाजूची ओळ कोरी ठेवून पान पाठवले.